आबाकाकांचं गाऱ्हाणं आणि नवं अपडेट

मोतीबिंदूचं ऑपरेशन फोनच्या अपडेटमुळे अडू शकतं, हे आमच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण ते घडवून आणलं मीच.

झालं असं, की आमच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी खोटा पोलीस फोन करायचा. 'तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय' वगैरे. सासूबाई मूळच्या कुडाळकडच्या. त्या आधी त्या पोलिसाचं गाव विचारायच्या, मग आईची तब्येत. एक दिवस गप्पांच्या नादात बँकेचा नंबरही देतील, अशी मला धास्ती. त्यातच वाचलं, की फोनचं नवं अपडेट येतंय. त्यात अनोळखी नंबर आला, तर फोन स्वतःच उचलणार, समोरच्याला नाव-काम विचारणार आणि तो काय बोलतो ते पडद्यावर लिहून दाखवणार. अपडेट यायला अजून दोन महिने होते, पण चाचणीसाठी नाव नोंदवलं की आधी मिळत होतं. मी नोंदवलं. (सासूबाईंचा फोन. माझ्या फोनला धोका कशाला?)

"चाचणी म्हणजे ते अजून धड झालेलं नाही," माझा नवरा विलास म्हणाला. फोनच्या बाबतीत त्याचं मत आमच्या मुलुंडच्या घरात कुणी विचारत नाही.

"मी धड करीन," मी म्हटलं.

शनिवारी अपडेट टाकलं. चिन्हांचे रंग बदलले, अक्षरं मोठी झाली आणि फोन कुणी हिसकावला तर त्याला आपोआप कुलूप लागायची सोय आली. (सासूबाई पिशवीतून फोन हिसकावूनच काढतात. रविवार दुपारपर्यंत सात वेळा कुलूप लागलं.) तरी मी खूश होते.

सासूबाईंचं ऑपरेशन मंगळवारी होतं. त्याआधी दोनदा पुढे ढकललं होतं, कारण देवाला सांगायचं राहिलं होतं. सासूबाईंच्या गावात मोठं काही करायचं असलं, की देवळात गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने एकेक मागणं मागतो आणि दर मागण्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्याकडचा हा जाणता माणूस म्हणजे सासूबाईंचे धाकटे दीर, आबाकाका. सोमवारी सकाळी ते देवळातून फोन करणार, सासूबाई इथून 'व्हय म्हाराजा' म्हणणार, आणि मगच मंगळवारी डोळ्याला हात लावू देणार. इकडे डॉक्टर बुधवारपासून महिनाभर सुट्टीवर. आणि सासूबाईंना इतकं कमी दिसायला लागलं होतं, की आठवड्यापूर्वी जिन्याची पायरी चुकून त्या पडता पडता वाचल्या होत्या. मी खरंच घाबरले होते. आता पुढे ढकलणं शक्यच नव्हतं.

सोमवारी साडेनऊला फोन आला. देवळात आबाकाकांच्या फोनला रेंज मिळत नाही, म्हणून त्यांनी गुरवांच्या फोनवरून लावला होता. गुरवांचा नंबर आमच्याकडे नव्हता. फोनने तो झटकन स्वतःच उचलला आणि पडद्यावर अक्षरं उमटायला लागली.

'नमस्कार. कृपया आपलं नाव आणि कामाचं स्वरूप थोडक्यात सांगा.'

'कोण, वर्षा? गो, मी आबा.'

'कृपया आपलं पूर्ण नाव सांगा.'

'वळाखलंस नाय माका?'

'कामाचं स्वरूप थोडक्यात सांगा.'

ज्या माणसाचं गाऱ्हाणं पाऊण तास चालतं, त्याला 'थोडक्यात'! मी घाईघाईने खालचं मोठं बटण दाबलं. जुन्या फोनमध्ये तिथे फोन घ्यायचं बटण होतं. नव्यात तिथे 'संशयास्पद म्हणून नोंदवा' होतं. फोन कट झाला आणि सासूबाईंच्या फोनवर गुरवांचा नंबर कायमचा बंद झाला.

"काय म्हणालो आबा?" सासूबाईंनी विचारलं.

"रेंज गेली," मी म्हटलं.

मग मी माझ्या फोनवरून आबाकाकांना लावत बसले. अर्ध्या तासाने ते देवळातून खाली रस्त्यावर आले, तेव्हा लागला.

"काका, मी वर्षा."

"आडनाव सांग. मगे काम सांग. थोडक्यात."

"काका, मघाशी बोलली ती मी नव्हते. तो फोन बोलत होता."

"बावीस वर्सा तुजो आवाज ऐकतंय. इतक्या शुद्ध आमच्या घराण्यात तूच बोलतस."

"बरं, चुकलं माझं. आता माझ्या फोनवर करा ना."

"वयनीच्याच फोनार करतलंय. देवाचा काम आसा. तुज्या फोनार नको."

आता मी हट्टाला पेटले. त्या चौकशीचं बटण शोधून तीन वेळा बंद केलं. तिन्ही वेळा फोनने ते 'आपल्या सुरक्षिततेसाठी' परत चालू केलं. अपडेट काढून टाकावं, तर फोनमधलं सगळं पुसलं जाईल अशी सूचना आली. बंद केलेले नंबर कुठे साठवले होते, तेही सापडेना.

"सिम काढून माझ्या फोनमध्ये टाक," विलास म्हणाला.

हे सगळ्यांत सोपं होतं. पण सुचलं होतं विलासला, त्यामुळे मी ऐकलं नाही.

अकराला परत फोन वाजला. गुरवांच्या फोनवरून लागत नाही म्हटल्यावर आबाकाकांनी देवळात आलेल्या कुणाचा तरी फोन घेतला होता. म्हणजे परत अनोळखी! फोनने तो उचलला आणि नाव विचारलं.

"हात लावू नकोस," विलास म्हणाला. मी दोन्ही हात मागे बांधले.

'ऐक गो बाय,' पडद्यावर आलं, 'तुका काय इचारूचा ता इचार. मी सुरू करतंय.'

आणि आबाकाकांनी फोनमधून बोलणाऱ्या त्या बाईलाच गाऱ्हाणं ऐकवायला सुरुवात केली. आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता, नुसती अक्षरं येत होती. आणि सासूबाईंना अक्षरं दिसत नव्हती.

"वाच गो," त्या पदर सावरून म्हणाल्या.

मी सोलापूरची. मालवणी ऐकून कळते, पण वाचायची वेळ कधी आली नव्हती. मी एकेक शब्द जपून उच्चारायला लागले.

"बा देवा म्हाराजा, तुजा लेकरू सुमती मुंबयत आसा. उद्या तिच्या डोळ्याक डाक्टर हात लावतलो, त्याका यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विलासही म्हणाला.

'समजलं. आणखी काही सांगायचं आहे का?' फोनने आबाकाकांना विचारलं. इतक्या आस्थेने विचारल्यावर आबाकाका कशाला थांबतात? त्यांनी सासूबाईंचे गुडघे घेतले, विलासची नोकरी घेतली, आमच्या बिल्डिंगची लिफ्टही घेतली. मी वाचत होते आणि आम्ही तिघं हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणत होतो. मला लयही सापडली होती. आता अर्थाकडे लक्ष नव्हतं, उच्चार चुकू नयेत एवढंच डोक्यात होतं.

"आणि ह्या घरच्या सुनेक," मी खणखणीत वाचलं, "घरचा माणूस वळखूची बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सासूबाई सकाळपासूनच्या सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाल्या. विलासचा आवाज त्याहून मोठा होता. आणि वाचलेलं डोक्यात शिरायच्या आत, हात जोडून, डोळे मिटून, मीही म्हटलं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. सासूबाईंना आता जिन्याच्या पायऱ्याच काय, माझ्या भाजीतली करपलेली मोहरीसुद्धा दिसते. एक मागणं देवाने चोवीस तासांत पुरं केलं. सुनेच्या बुद्धीसाठी मात्र, विलास म्हणतो, पुढच्या अपडेटची वाट बघावी लागेल.