विशाखाला दोन्ही पाहिजे होतं

…तर काल त्या मिरच्यांच्या धुरापाशी थांबलो होतो. मुकुंदवाडीतलं दोन खोल्यांचं घर, खिडक्या गच्च लावलेल्या, मधोमध दोन महिन्यांची बाळंतीण विशाखा. डोंगराकडून आणलेला भगत तिचे केस धरून विचारतोय, "बोल, कोण हायेस तू?"

विशाखा खोकत म्हणाली, "बी.कॉम., सेकंड क्लास!"

पण सासू लीलाबाईला काही हसू आलं नाही. म्हणाली, "बघा, कशी उलटून बोलती!"

आता गंमत ऐका. ही लीलाबाई विहारातल्या महिला मंडळाची अध्यक्षा. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. अंधश्रद्धेवर बोलायला उभी राहिली, की गंडा बांधलेली बाई मनगट पदराखाली लपवायची. अन् तिनंच, लेक बुद्धभूषण, म्हणजे विशाखाचा नवरा, कंपनीत पाळीवर गेल्याचं बघून, मागच्या दारानं भगत आत घेतला! का, तर सून भिंतीकडं बघत बसती, जेवत नाही, लेकराला घ्यायलाही तिचे हात उठत नाहीत. भगत म्हणाला, आईच्या नजरेत खोट हाय. झालं. लीलाबाईनं नात ठेवून घेतली, वरचं दूध सुरू केलं आणि विशाखाला पिशोरला, माहेरी धाडलं. लेकाला सांगितलं, "आरामाला गेली."

विशाखाचा बाप कडुबा गवंडी माणूस. भिंत ओळंब्यात नसली तर लगेच ओळखणारा. पोरीकडं बघितलं अन् दुसऱ्याच दिवशी तिला शहरात सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, बाळंतपणानंतर कित्येकींना हे होतं, बरंही होतं. दर मंगळवारी समुपदेशनाला या. तिथं बसायच्या प्रेरणाताई. तीन मंगळवार विशाखा गप्प. चौथ्या मंगळवारी तोंड उघडलं ते असं:

"मला सासूला चारचौघांत उघडं पाडायचंय."

ताई ना दचकल्या, ना उपदेश केला. म्हणाल्या, "कसं पाडणार? सगळं लिहून आणा."

विशाखानं शंभर पानी वही भरली. लिहिता लिहिता भूक लागायची, तर दोन-दोन भाकरी खायची. कडुबा बायकोला, भामाबाईला म्हणाला, "आपली पोर सासूच्या रागावर जेवाया लागली की गं!"

"लागू द्या," भामाबाई म्हणाली. "आणखी दोन थापते."

वही वाचून ताईंनी विचारलं, "बदला पाहिजे का लेकरू?"

"दोन्ही."

"मग आधी काय, ते ठरवा."

विशाखानं लेकरू आधी धरलं. पुढच्या मंगळवारी बुद्धभूषणला बोलावून घेतलं. भगताचं त्याला ठाऊकच नव्हतं. ऐकलं अन् त्याच संध्याकाळी तो आईशी भांडून लेकीला पिशोरला घेऊन आला. पोरगी आधी आईकडं जाईना, टाहो फोडायची. विशाखाही रडायची, पण मांडी हलवली नाही. नवव्या दिवशी पोर तिच्या दंडावर गाल टेकून झोपली.

एक झालं. दुसरं राहिलं होतं.

पौर्णिमेला मुकुंदवाडीच्या विहारात वंदना संपली. लीलाबाई नेहमीसारखी बुवाबाजीवर सुरू झाली. पिशोरहून आलेली विशाखा लेकराला कडेवर घेऊन उभी राहिली.

"अध्यक्षबाई, एक विचारू? बाळंतिणीला मिरच्यांची धुरी किती वेळ द्यायची असती?"

"कुणी दिली गं?" मागून एक म्हातारी.

"ह्यांनी. मला. भगत बोलावून."

"खरं हाय," पुरुषांच्या बाजूनं बुद्धभूषण बोलला.

बायका लीलाबाईकडं अशा बघायला लागल्या, की तिला जागच्या जागी घाम फुटला. विशाखाला बघून घ्यायचं होतं, तिनं डोळे भरून बघून घेतलं. लीलाबाई व्यासपीठावरून खाली उतरली, सुनेचा हात धरला. "चुकलं माझं, पोरी. सगळ्यांदेखत माफी मागते. झालं गेलं सोड, घरी चल."

विशाखानं हात सोडवून घेतला अन् म्हणाली:

"घरी येईन, आत्याबाई, पण माफी आत्ताच नाय. आधी मंगळवारी माझ्यासंग दवाखान्यात चला. तिथं मी बोलणार अन् तुम्ही निस्तं ऐकायचं. मधी एक शब्द जरी काढला, तरी मी परत पहिल्यापासून सुरू करीन."