डेन्झिलचा डबा

डेन्झिल रॅटलिफचं आयुष्य अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या कोळसा खाणीत, छत कोसळू नये म्हणून त्याला बोल्ट मारण्यात गेलं. त्याने मारलेला बोल्ट कधी सुटला नाही. अर्धवट कामाची त्याला चीड होती, आणि पोरीलाही त्याने तेच शिकवलं होतं.

पोर म्हणजे ट्रेसा. वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना उचलता उचलता तिची कंबर गेली. डॉक्टरने दुखण्यावर गोळ्या दिल्या. कंबर राहिली बाजूला, गोळ्याच चिकटल्या. मग गोळ्यांच्या पैशांपायी घरातली हत्यारं गेली, आईची अंगठी गेली. आता आईला, ओमाला, हाडांचा कॅन्सर झाला होता आणि तिला त्याच गोळ्या लागत.

डेन्झिलने त्या आपल्या खाणीतल्या जुन्या जेवणाच्या डब्यात लपवल्या. खाणीत दुसऱ्याच्या डब्याला कोणी हात लावत नाही. लावला तर दात पडतात. तोच नियम घरातही चालेल असं तो धरून चालला.

शनिवारी सकाळी ट्रेसा आली.

"डॅडी, सोडल्यात मी गोळ्या. बघ माझे डोळे."

"डोळे राहू देत. फरशी पूस."

"ऐकलंस आई? या घरात जेवायला मागितलं तरी आधी झाडू मिळतो."

"मला तर लग्नाच्या दिवशीच मिळाला होता गं," अंथरुणातून ओमा म्हणाली.

ट्रेसाने लोखंडी चूल पुढे ओढून मागचा कोपरासुद्धा घासला. घेवडा शिजवला, मक्याचा पाव भाजला. डेन्झिलने कोपऱ्यातून बोट फिरवून बघितलं. बोट कोरं.

"चांगलं केलंस," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून सहसा निघत नसत. तो लाकडं फोडायला बाहेर गेला तेव्हा शीळ घालत होता.

दुपारी ती निघून गेली. ओमाची गोळीची वेळ झाली. त्याने डबा काढला. झाकण घट्ट, अगदी नीट बसवलेलं. आत काही नाही.

तेव्हा त्याला आठवलं. खाणीतून येताना तो डब्याच्या तळाशी केकचा तुकडा राखून आणायचा. फाटकापर्यंत धावत येऊन ट्रेसा झाकण उघडायची. त्या डब्यात हात घालायची परवानगी जगात एकाच माणसाला होती, आणि ती त्यानेच दिली होती.

त्याने दवाखान्यात फोन लावला. नर्स म्हणाली, "चोरीला गेल्या असतील तर आधी शेरीफच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. कोणी नेल्या माहीत असेल तर नावानिशी. त्याशिवाय सोमवारपर्यंत डॉक्टरांना काही करता येणार नाही."

"नको रे," ओमा म्हणाली. "मी काढीन सोमवारपर्यंत कळ."

"कूस बदलता येत नाही तुला, कळ कुठून काढशील?"

"फरशी बघ ना किती लख्ख पुसलीय तिने."

"बघितली!" तो ओरडला. त्यामुळेच तर त्याचं डोकं फिरलं होतं. जे हात असं काम करू शकतात, त्यांनीच हे करावं!

ओमा ओठ चावत होती. त्याने शेरीफचा नंबर फिरवला.

"कोणावर संशय?" पलीकडून विचारलं.

"संशय नाही. माहीत आहे."

ओमाने भिंतीकडे तोंड फिरवलं. डेन्झिलने नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, ओमाने हौसेने ठेवलेल्या मधल्या नावासकट.