पाचारण आणि शनिवारची चिठ्ठी

किस्से काही कोणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या भायखळ्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत लग्नाचे आणि मयताचे किस्से होतेच. पण सगळ्यात जास्त साठले ते पाचारणाचे. पाचारण म्हणजे देवाची हाक. ती आली की माणसानं नोकरीधंदा सोडायचा, धर्मशिक्षणाच्या शाळेत जायचं आणि जन्मभर देवाची सेवा करायची. ही संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतली गोष्ट. बाहेर रोज सभा, रोज मोर्चा, आणि आत आमच्या तरुण संघात दर दोन महिन्यांनी कोणाला ना कोणाला पाचारण!

मी परळच्या शाळेत शिकवत होते आणि संघाची चिटणीस होते, म्हणून हे सगळं माझ्या वहीत आहे. जे वहीत लिहिता आलं नाही, ते इथे सांगते.

* * *

पहिला नंबर शमुवेलचा. त्याला पाचारण व्हायचं ते नेमकं मॅट्रिकचा निकाल लागल्यावर! लागोपाठ दोन वर्षं असं झालं. दुसऱ्या वर्षी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या मंडळीच्या पाद्रींनी, त्याला चहा दिला, बिस्किट दिलं आणि शांतपणे विचारलं, "शमुवेल, देव नेहमी जूनमध्येच का रे बोलावतो तुला?"

"साहेब, देव नापासांना बोलवत नाही का?"

"बोलावतो ना! पण गणितात नापास झालास म्हणून नाही बोलावत. आधी ऑक्टोबरला बैस."

शमुवेल ऑक्टोबरला बसला, पास झाला, रेल्वेत चिकटला. देवानं पुन्हा त्याचं नाव घेतलं नाही!

* * *

एस्तेरची तऱ्हा वेगळी. तिला बघायला पाहुणे आले की हिला पाचारण. तीन स्थळं तिनं अशी घालवली. "मला मिशन हॉस्पिटलात रोग्यांची सेवा करायची आहे," असं ती मान खाली घालून सांगायची, आणि पाहुणे पोहे संपवून सलाम करून उठायचे. तिची आई रडकुंडीला आली होती.

चौथं स्थळ आलं ते मिशन हॉस्पिटलातल्या कंपाउंडरचं. मुलगा उंच, हसरा. एस्तेरनं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि आईला आत बोलावून म्हणाली, "आता देवानंच दोन्ही एका गावात ठेवलंय, तर मी कशाला मध्ये येऊ?"

संसार छान झाला तिचा. आणि खरं सांगते, रोग्यांची सेवाही तिनं नवऱ्यापेक्षा जास्त केली.

* * *

पाचारण झालेल्यानं उपासनेनंतर मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची, अशी आमची रीत होती. आपल्याला हाक कशी आली ते सांगायचं. योहान या कामाचा बादशहा! बाहेरगावच्या एका वक्त्याची ऐट त्यानं उचलली होती. हात वर, डोळे मिटलेले, आवाज कधी पाताळात तर कधी आढ्याला. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, आणि योहान अजून आपल्या बालपणातच होता. रविवारचा दिवस, घरोघरी चुलीवर मटण. बायकांची चुळबुळ सुरू झाली.

शेवटी मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली. "बाळा, देवानं तुला बोलावलंय ना? मग तू जा! आम्हाला घरी जाऊ दे!"

* * *

पण साक्ष दिली म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेसाठी शिफारसपत्र मिळालं, असं नव्हतं. पाळकसाहेबांचा एक नियम होता. साक्ष झाली की ते खिशातून चिठ्ठी काढत. तिच्यावर एका आजारी माणसाचा पत्ता. "सहा महिने दर शनिवारी जायचं. पवित्र शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची, पाणी भरून द्यायचं. मग बोलू." सहा महिने झाले की पंच, म्हणजे मंडळीतले वडीलधारे, बसून निर्णय द्यायचे.

चिठ्ठीवरचा पत्ता बहुतेक वेळा मार्थाबाईंचाच असे. चिंचपोकळीच्या चाळीत एकट्या राहायच्या. शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या, नजर गेली होती, पण कान मात्र तिखट. योहान तिथे तीन शनिवार टिकला. चौथ्या शनिवारी मार्थाबाईंनी पाळकसाहेबांना निरोप धाडला, "याला देवानं बोलावलं असेल. मी बोलावलेलं नाही!"

* * *

मग दानीची पाळी आली. दानी लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. विधवा आईचा एकुलता एक. मी सगळ्यांच्या पाचारणाला हसायचे, दानीच्या मात्र कधी हसले नाही. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्यानं जावं असं मला मनापासून वाटत होतं.

साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटतं, मला बोलावलंय. नक्की माहीत नाही." आणि बसला! मंडळी बघतच राहिली. त्याच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेबांनी चिठ्ठी दिली: मार्थाबाईंची चाळ, दुसरा मजला, शेवटची खोली.

आठवडे गेले. मार्थाबाईंची तक्रार आली नाही. आम्ही म्हटलं, जमलं बुवा या पोराला! धर्मशिक्षणाच्या शाळेची नवी टर्म जूनमध्ये सुरू व्हायची होती. त्याची ट्रंकसुद्धा आईनं पुसून ठेवली होती.

ईस्टरला मार्थाबाईंना घोडागाडीतून उपासनेला आणलं. पाळकसाहेबांनी कौतुकानं विचारलं, "काय बाई, दानी बरा वाचतो ना?"

"कोण दानी?" मार्थाबाई कडाडल्या. "पाच महिने माझ्या दारात चिटपाखरू नाही फिरकलं!"

* * *

त्याच दुपारी पंच बसले. मी वही घेऊन कोपऱ्यात. दानी समोर उभा. याकोबराव पंचांत सगळ्यात कडक. ते म्हणाले, "खोटं बोलून देवाच्या सेवेला निघालास?"

"मी एकही शनिवार चुकवलेला नाही," दानी म्हणाला.

"मग चल, दाखव!"

निघाली वरात भायखळ्याहून चिंचपोकळीला. पुढे दानी, मागे पाळकसाहेब, याकोबराव आणि मी. चाळीपाशी पोचलो तर पाळकसाहेब नेहमीसारखे रस्त्यावरच्या जिन्याकडे वळले, आणि दानी गिरणीकडच्या मागच्या जिन्याकडे. पाळकसाहेब पहिल्या पायरीवरच थांबले. चाळीला दोन जिने! एकीकडून चढलं की जी शेवटची खोली, ती दुसरीकडून चढलं की पहिली. आमची मंडळी रस्त्यानं यायची. दानी गिरणी सुटली की मागून यायचा.

आम्ही त्याच्या जिन्यानं वर गेलो, गॅलरी ओलांडून शेवटच्या खोलीत. भिंतीवर गणपती, हळदकुंकू लावलेला देव्हारा, आणि खाटेवर कोकणातली एक म्हातारी. पाय अधू. दानीचा आवाज ऐकल्याबरोबर उठून बसली.

"इलंस? आज आयतवारी कसो? मुंबई गावली काय रे आमका?"

"अजून नाही, आजी," दानी म्हणाला. "पण मिळणार."

मग ती आमच्याकडे वळली. "माझो झील सत्याग्रहात गेलो, तो तुरुंगात आसा. माका वाचूक येणा नाय. ह्यो पोरगो येता, पेपर वाचता, पाणी भरता. मगे तुमच्या देवाचा एक स्तोत्र वाचता. बरा वाटता माका."

याकोबरावांनी दानीला गॅलरीत ओढलं. "गणपती दिसला नाही तुला?"

"दिसला. पहिल्याच दिवशी."

"मग?"

"आजींनी विचारलं, 'फुडल्या शनवारी येतलंस मा?' मी हो म्हटलं."

"आणि आमची मार्थाबाई?"

दानीची मान खाली गेली. "ते माझं चुकलं. पण तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही मला इथून हलवलं असतं."

खाली नळावर भांडणं चालली होती. मला भीती वाटत होती. याकोबरावांच्या कपाळावरच्या आठ्या मी वर्गातल्या पोरांच्या खोड्यांपेक्षा जास्त ओळखत होते.

"हे नियमात बसत नाही," ते म्हणाले.

"नियम माझाच आहे," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी खिशातून शिफारसपत्र काढलं, कठड्यावर ठेवून सही केली आणि पेन याकोबरावांपुढे धरलं. याकोबरावांनी एकदा आत म्हातारीकडे पाहिलं. मग चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि सही केली. दानी ओंजळीत धरल्यासारखा तो कागद धरून उभा. मला भरून आलं, ते मी लपवलंही नाही.

म्हातारीनं आतून सगळं ऐकलं होतं. "तेका खय नेतास? मगे माका पेपर कोण वाचून दाखयतलो?"

पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "रूथ, शनिवारी शाळा किती वाजता सुटते तुझी?"

मी! मी फक्त वही लिहायला आले होते. मला ना कधी देवाची हाक आली, ना मी कधी साक्ष दिली.

"बाराला," मी म्हटलं. "पण साहेब, मी जायचं कोणाकडे? आजींकडे की मार्थाबाईंकडे?"

पाळकसाहेब जिना उतरायला लागले होते. मागे न बघताच म्हणाले, "ते तू कुठल्या जिन्यानं चढतेस, त्यावर आहे!"