कोर्टवाले आबा

कुवेतमध्ये मंगफला आमच्या कंपनीच्या मेसमध्ये दुपारी दीड वाजता एक माणूस आमटीत भात कालवता कालवता जाहीर करायचा, "आज कोर्ट बंद. बर्फ पडलो." बाहेर धुळीचं वादळ असायचं, खिडकीच्या फटीतून आलेली पिवळी माती ताटाच्या कडेला जमायची. आणि हा शांतपणे मोबाइल उलटा ठेवून पुढचा घास घ्यायचा.

हे आमचे आबा. कुडाळकडचे, एसी मेकॅनिक, कुवेतमध्ये तीस वर्षं काढलेले. कोर्ट म्हणजे अमेरिकेतल्या एका शहरातलं फेडरल कोर्ट. त्याच्या वेबसाइटवर 'बातम्या आणि सूचना' असं एक पान आहे. ते आबा रोज बोट फिरवून, ओठ हलवत वाचायचे. अडलेला शब्द मला विचारायचे. इंग्रजी आपल्याला येतं हे मीच पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून मी 'पंडितानू' झालो.

दोन दिवस त्यांचं हे वाचन पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मी मेसभर सांगितलं की आबांवर अमेरिकेत केस चालू आहे. कुणाला सांगू नका, असंही प्रत्येकाला बजावलं. आठवड्याभरात लोक आबांना ताटात जास्तीचा मासा वाढू लागले. एका कणकवलीकराने गावाहून आलेला अंगारा आणून दिला. आबांनी तो निमूटपणे कपाळाला लावला आणि संध्याकाळी मला जिन्यात गाठलं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार," ते म्हणाले. "केस माझी नाय. माझा चेडू थंय ऱ्हवता."

चेडू म्हणजे लेक, वैजू. आबांनी गावात एका घराला शब्द दिला होता. हिने तिकडे नोकरी धरली आणि तिकडेच आपल्या पसंतीने लग्न केलं. आबा फोनवर नको ते बोलले. त्याला सहा वर्षं झाली होती. गावाकडे आबांची बायको लेकीशी बोलायची आणि तिचा विषय नवऱ्यापुढे भाजीच्या भावासारखा मध्येच काढायची. त्यातून आबांना कळलं होतं की लेकीच्या खिडकीतून कोर्टाची इमारत दिसते. ती पुढे तिथली नागरिक झाली तर शपथही त्याच इमारतीत होणार होती. त्या अख्ख्या शहरातली एवढी एकच जागा आबांना इथे बसून वाचता येत होती.

"कोर्ट बंद म्हणजे रस्ते बंद," त्यांचा हिशेब. "रस्ते बंद म्हणजे चेडू घरात आसतला."

कोर्टाची बाकीची खबरही ते ठेवायचे. नियम बदलले, दार दुसऱ्या बाजूला गेलं, वीज गेली म्हणून कामं पुढे ढकलली. एकदा म्हणाले, "म्हाताऱ्या जज्जाचो फोटो लावल्यानी भिंतीर." आणि थोडं थांबून, "बरो माणूस आसतलो." त्या दिवशी त्यांनी ताक घेतलं नाही. जज्ज जिवंत आहे, फक्त निवृत्त झालाय, हे मी नीट वाचून सांगितल्यावर घेतलं.

माझा मात्र त्या पानाने एकदा जीव वाचवला. मला हिंदीतून फोन आला, पोलिसांचा म्हणे. तुमचं ओळखपत्र बंद होतंय, मोबाइलवर आलेला नंबर सांगा. इंग्रजीचा पंडित उभा राहून अदबीने आकडे वाचायला लागला. आबांनी हातातून फोन काढून घेऊन बंद केला. "कोर्टान सूचना काढल्यानी हा. आमच्या नावान लोक फोन करतत, फसा नको. कोर्ट फोन करीत नाय, कोर्ट कागद धाडता."

"आबा, ते अमेरिकेचं कोर्ट, हे कुवेत."

"चोर सगळीकडे सारकेच."

मग मार्चमध्ये तो दिवस आला. लेकीच्या शपथेची तारीख आबांना बायकोकडून कळली आणि दोनच दिवसांत कोर्टाच्या पानावरही सूचना झळकली: नवनागरिकांचा समारंभ, सकाळी दहा वाजता, हॉलमध्ये जागा कमी असल्याने नातेवाइकांना थेट प्रक्षेपण पाहता येईल, नंतर चित्रफीत मिळणार नाही. आबांनी ते मला चारदा वाचायला लावलं. "नातेवाइकांना" या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे मी चलतंय?"

दहाचे कुवेतमध्ये किती, हे काढायचं काम पंडिताकडे आलं. आठ तासांचा फरक आहे हे मला वर्षानुवर्षं तोंडपाठ. कॅलेंडरवर जाड मार्करने लिहिलं, 'संध्याकाळी ठीक सहा'. खाली माझी सही केली.

त्या दिवशी आबांनी अर्धी रजा टाकली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. पावणेसहापासून माझ्या लॅपटॉपसमोर बसले. "तीस वर्षां झाली हंय," मध्येच म्हणाले. "माका कोणी शपथ घे म्हणान इचारूक नाय."

ठीक सहाला मी लिंक उघडली. मोठा हॉल दिसला, दोन झेंडे, आणि रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. एक माणूस त्या घडी करून भिंतीला लावत होता. मी म्हटलं, तयारी चाललीय. पण तीस वर्षं इमारतींत कामं केलेल्या माणसाला खुर्च्या मांडणं आणि उचलणं यातला फरक कळतो. मग पडदा काळा झाला.

मी क्षमा मागितली. तीही इंग्रजीत.

"चेडू ह्यातल्याच एका खुर्चेर बसला आसतला," आबा म्हणाले. "कोर्ट फोन करूचा नाय, पंडितानू. तो बापानच करूक व्हयो होतो." आणि बायकोला विचारून घेतलेला, सहा वर्षं न लावलेला नंबर त्यांनी माझ्यासमोर लावला.

पलीकडून "हॅलो" आलं. आबा म्हणाले, "थंय बर्फ थांबलो मा?"

पलीकडून मग रडका आवाज आला, "बाबा, तुम्हाला कसं कळलं बर्फाचं?"

"कळता," आबा म्हणाले. "बघूक बसलंय, पण तुमचा उरकला. ह्या पंडितान सहा म्हणान सांगल्यान."

"पाच, बाबा. रविवारी इकडे घड्याळं एक तास पुढे केली ना."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ते दमल्यासारखे हसले आणि फोन घेऊन गॅलरीत गेले.

पुढल्या वर्षी आबांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपला आणि ते गावी गेले. विमानतळावर मला म्हणाले, "जल्मभर लोकांका थंडी करून दिलंय. आता वाईच उन्हात बसतंय." लेकीकडे जाणं काही झालं नाही. गुडघे गेले, व्हिसाच्या रांगेचा त्यांना कंटाळा. फोन मात्र होतो. गेल्या हिवाळ्यात मी उत्साहाने कळवलं, "आबा, आज कोर्ट बंद!" तर म्हणाले, "सकाळीच चेडवान सांगल्यान. तू अजून ता वाचतस?"

वाचतो. आबांना आता त्या पानाची गरज नाही, सवय माझ्याकडे राहिली. परवा मेसमध्ये नवा सुपरवायझर शेजारी सरकला, माझ्या ताटात एक मासा जास्तीचा ठेवला आणि हळूच विचारलं, "साहेब, केस कसली आहे?"

म्हटलं, "जुनी आहे. मी एक तास उशिरा पोचलो होतो."