रविवार धरत नाहीत

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून चर्चच्या पायऱ्या उतरताना मी बायकोला म्हटलं, "या उपासकाळात मी गोड सोडलं." ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्यात प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं असतं. माझ्यामागे तर डॉक्टरही लागले होते. साखर वाढलेली, उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती, आणि नाहीच भरली तर अंगठा काढावा लागेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

बायको म्हणाली, "छान. मग मी तुला ओरडणं सोडलं."

मी हसलो. मालाडच्या आमच्या गावठाणात तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. म्हटलं, ही दोन दिवस टिकली तरी पुष्कळ.

आता आमच्या घरची गंमत ऐका. उपासकाळ म्हणजे आमच्याकडे गोडाचा सीझन! बायको ईस्टरच्या ऑर्डरी घेते. काजू-साखरेची मार्झिपानची अंडी, साच्यात दाबून काढलेली, गुलाबी, पिवळी, वर आयसिंगची फुलं. सगळं गाव उपास करतंय आणि आमच्या स्वयंपाकघरात गुलाबपाण्याचा घमघमाट. वाळवंटात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूला सैतानाने 'यांच्या भाकरी कर' म्हणत नुसते दगड दाखवले होते, माझ्यापुढे ताटंच्या ताटं भरलेली.

पहिले चार दिवस झकास गेले. मग रविवार उजाडला आणि मला लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेलं आठवलं. ते चाळीस दिवस मोजताना रविवार धरत नाहीत. खरंच नाही धरत, विचारा कुणालाही! मी एक अंडं उचललं, तोंडात टाकलं, आणि मागे बघतो तर बायको. आता फुटणार म्हणून मी खांदे आवळले. तिने साचा पुसला आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यात सुचलं, शनिवार संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, रविवारचीच धरतात, म्हणजे रविवार शनिवारी संध्याकाळीच लागतो. मग संत योसेफाचा सण आला. सणाला कसला उपास? येशूला भुलवताना सैतानही शास्त्रवचनंच काढत होता. मी चर्चचं कॅलेंडर काढत होतो, एवढाच फरक.

बायको मात्र गप्प. तिचं ते गप्प राहणं मला खायला उठायचं, तरी मी खातच होतो.

ईस्टरच्या आदल्या रविवारी आमच्यात झावळ्या घेऊन मिरवणूक निघते. त्या झावळ्यांच्या रविवारच्या आधी रिपोर्ट आला. पार वाट लागली होती. डॉक्टर म्हणाले, "अजून दहा दिवस बघू. मग कापायचाच." मी जाम घाबरलो. घरी येऊन रिपोर्ट मुद्दाम तिच्यासमोर ठेवला. तिने वाचला, ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा काजू वाटायला घेतले.

"अगं, ओरड ना!" मीच ओरडलो. "अंगठा चाललाय माझा!"

"तीस वर्षं ओरडले," ती म्हणाली. "त्यात तू काय शिकलास? लपवायला. सोडायला शिकलास?"



झावळ्यांच्या रविवारी पायामुळे मला मिरवणुकीत चालता येईना, म्हणून ती एकटीच चर्चला गेली. घरात मी आणि टेबलावर सुकत ठेवलेली अंडी. त्यात वार रविवार, सगळे नियम माझ्या बाजूचे! हाताने मला विचारलंसुद्धा नाही, एक पिवळं अंडं तोंडात गेलंच. साखर जिभेवर विरघळायला लागली आणि अंगठ्यात कळ आली. धावत मोरीत जाऊन थुंकलो. चूळ भरली, परत भरली. उरलेली अंडी जरा सरकवून ताट भरल्यासारखं दाखवायचं हा माझ्या डाव्या हाताचा मळ. नाही सरकवली. त्या रिकाम्या जागेसमोर खुर्ची ओढून बसून राहिलो.

ती झावळी घेऊन दारात आली. तिने चप्पल काढायच्या आत मी सांगून टाकलं, "एक तोंडात घातलं. थुंकलं, गिळलं नाही. पण घातलं."

एक चप्पल तिच्या पायातच राहिली. तिने विचारायच्या आधी मी काही कबूल केल्याचं तिला आठवत नसणार, मलाही आठवत नव्हतं. अंगठ्याचं काय होणार ते तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पुढे तो वाचला, पण ते फार नंतर.

"मेल्या," ती कडाडली, "ते ऑर्डरीचं होतं! आता काय देऊ मी त्या बाईला?"

ईस्टरला आठवडा असताना तिने आपला नेम मोडला. ती झावळी हातात धरून, डोळे पुसत ओरडत राहिली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी खुर्चीत बसल्या बसल्या रडलो.