रातूंची तब्येत

उलामिलाला हॉटेलात सगळे उला म्हणत. किनाऱ्यावरच्या त्या मोठ्या हॉटेलच्या मागच्या दाराशी, जिथे पाहुण्यांची नजर पोचत नाही, तिथे तिचं खरेदीचं ऑफिस होतं. एक टेबल, एक वजनकाटा आणि शेजारी हाडं गोठवणारी थंड कोठी. केस पिकेपर्यंत तिनं तिथे बसून हॉटेलची खरेदी सांभाळली. जमीन नांबिलो गावाची, हॉटेल सिडनीच्या मालकांचं आणि मासळी गावानं द्यायची, असा जुना समझोता होता. उला त्याच गावची. सकाळी तिची आत्या साइनीमेरे होडी घेऊन यायची.

"आत्या, आज सुरमई बारीक दिसतेय."

"तुझ्या मालकाला चष्मा लागलाय ना? त्याला मोठी दिसेल. टाक काट्यावर."

मासळी कमी आली तर उला आचाऱ्याला कोंबडी शिजवायला सांगे. जास्त आली तर त्याची बोलणी खात ती सगळी घेई. हा कारभार फार सुंदर होता असं मी म्हणणार नाही. कोठीत मासळी नासायची, कधी पाहुण्यांच्या लग्नाच्या दिवशीच खेकडे नसायचे आणि हिशेबाचा मेळ कुणालाच लागायचा नाही. खरेदीसाठी सॉफ्टवेअर आणावं असं सिडनीवाल्यांना वाटलं, ते काही उगाच नव्हे.

शलेंद्र हा उलाचा साहेब. नांदी शहरातला, वयानं तिच्याहून लहान, स्वभावानं मऊ. त्यानं तिच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर मांडला.

"उलाताई, आता तुझं डोकं रिकामं ठेव. कोठीत काय उरलंय, काय संपलंय, काय मागवायचं, सगळं हेच बघेल."

"रिकामं ठेवून काय करू? खोबरं वाळत घालू त्यात?"

तो हसला. पण त्यानं एक गोष्ट दोनदा बजावली. कोठीतला माल कमी झाला की ऑर्डर आपोआप विकणाऱ्याच्या फोनवर जाणार. ऑर्डर घेऊन माल आला नाही की विकणाऱ्याच्या नावावर एक खूण. लागोपाठ तीन खुणा झाल्या की त्या विकणाऱ्याचं खातं बंद, आणि वर्षभर ते सिडनीशिवाय कुणालाही उघडता येणार नाही. उलानं मान डोलावली. तिला वाटलं, खुणा झाल्याच तर बोलून मिटवू. आयुष्यभर तिनं सगळं बोलूनच मिटवलं होतं.

गावाची नोंदणी तिनंच केली. फोन आत्याचा दिला. आत्याला दर वेळी बटणं दाबायचा ताप नको म्हणून 'उत्तर न आल्यास ऑर्डर मान्य समजावी' हा पर्याय निवडला. मग शेवटचा प्रश्न आला. येत्या वर्षात पुरवठा थांबेल असं काही कारण आपल्याला माहीत आहे का? 'हो' म्हटलं तर कारण आणि अंदाजे महिना लिहायचा. तेवढ्या काळात खुणा होणार नव्हत्या.

उलाचा हात तिथेच थबकला.

नांबिलोचे रातू, गावाचे प्रमुख, तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. चहाचा घोटही घशाखाली उतरत नव्हता. गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं की ही नाताळची प्रार्थना रातू ऐकणार नाहीत. आणि रातू गेले की समुद्रावर बंदी येते. शंभर रात्री कुणी जाळं टाकत नाही, गळ टाकत नाही, खडकावरचा शिंपलासुद्धा उचलत नाही. समुद्रही दुखवट्यात असतो. हे सगळं उलाला चांगलं ठाऊक होतं. पण ते लिहायचं कसं? रातू आजारी आहेत असंही आपण म्हणत नाही. ते विश्रांती घेताहेत म्हणतो. जिवंत रातूंच्या मरणाचा महिना सांगणं म्हणजे त्यांच्या उशाशी बसून त्यांची घटका मोजणं.

तिनं 'नाही' दाबलं.

रातू गेले तेव्हा उला हॉटेलातून थेट गावाकडे धावली. दुखवट्याच्या सुरुवातीच्या दिवसांत गावातल्या कुणीही गावाबाहेर पडायचं नसतं. चटया अंथरणं, अळकुड्या सोलणं, येणाऱ्यांसाठी चुली पेटत्या ठेवणं, यात दिवस कुठे उगवला नि कुठे मावळला कळलं नाही. गावात ढोल नाही, गाणं नाही, मोठ्यानं हाक नाही. वाजू नयेत म्हणून आत्यानं सगळ्यांचे फोन गोळा करून बिस्किटांच्या डब्यात घातले. त्या डब्यात आत्याच्या फोनवर ऑर्डरी येत राहिल्या आणि उत्तर न आल्यानं मान्य होत राहिल्या. हॉटेलात सुरमई लवकर संपते. पहिल्याच आठवड्यात तीन खुणा झाल्या आणि गावाचं खातं बंद पडलं.

उला कामावर परतली तेव्हा मागच्या दाराशी राजधानी सुवाहून आलेला बर्फातल्या मासळीचा ट्रक उभा होता. खोकी उतरत होती.

शलेंद्रनं खरंच जीव तोडून प्रयत्न केले. सिडनीला लिहिलं, फोन केले, रीतिरिवाज समजावून सांगितले. उत्तर आलं, आम्हाला दुःख आहे, परंतु पुरवठा थांबण्याचं कारण विचारलं असता आपण 'नाही' असं कळवलं होतं. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा.

"ताई, तू तिथे एक शब्द लिहायचा होतास गं," शलेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

गावात हे सांगायला तिची जीभ रेटेना. दुखवटा चालू असताना पैशांच्या गोष्टी कोण काढतो? आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत तिनं शंभर रात्री काढल्या. तिची ही चूक मात्र रीतिरिवाजाच्या पदराआड लपत नाही.

बंदी उठली त्या दिवशी समुद्र नुसता मासळीनं उकळत होता. पहिली मासळी रातूंच्या घरी गेली, दुसरी चर्चला. तिसऱ्या दिवशी सगळ्या होड्या भरून हॉटेलच्या मागच्या दाराशी लागल्या. बाया हसत होत्या, एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. आत्या सगळ्यांच्या पुढे.

"उला, मोठा काटा काढ. आज तुझ्या मालकाला चष्म्याची गरज नाही."

उलानं दारातच सगळं सांगितलं. काहीही न लपवता, मान खाली घालून. ऊन चढत होतं. थोड्या वेळानं बाया होड्या वळवून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत ती मासळी नासली.

पुढच्या रविवारी उला रीतीप्रमाणे व्हेल माशाचा दात घेऊन माफी मागायला गेली. जाणत्यांनी तो स्वीकारला, यांगोना या मुळांच्या पेयाची वाटी फिरली, ती तिच्याही हातात आली. गावानं माफ केलं. आत्या तिला बाहेर घेऊन आली.

"रडतेस कशाला? लिहिलं असतंस तर मीच तुझं तोंड पाहिलं नसतं."

उलाला वाटलं, हिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. कुठेतरी एक बरोबर उत्तर होतं आणि ते आपल्याकडून चुकलं, एवढा तरी आधार राहिला असता. तोही आत्यानं मायेनं काढून घेतला.

वर्षभरात गावातल्या दोन होड्यांची इंजिनं विकली गेली. तरणी पोरं ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेली. बाया रस्त्याकडेला कसावा विकायला बसू लागल्या.

मग नोंदणी पुन्हा खुली झाली. उलानं आत्याला ऑफिसात बोलावून शेजारी बसवलं. नाव, गाव, फोन, सगळं भरून झालं. उत्तर न आल्यास ऑर्डर मान्य, हा पर्याय तिनं या वेळी निवडला नाही. शेवटी तोच प्रश्न आला.

नवे रातू म्हणजे गेलेल्या रातूंचे धाकटे भाऊ. साखरेपायी त्यांचा पाय कापावा लागला होता आणि जखम भरत नव्हती. गेल्या रविवारी त्यांना चर्चमध्ये आणलंच नव्हतं.

उलानं आत्याला प्रश्न वाचून दाखवला. मग सावकाश, शब्द न् शब्द समजावून पुन्हा वाचला. 'नाही' म्हटलं तर काय होईल तेही सांगितलं. "आत्या, तूच सांग. काय लिहू?"

पदराला हात पुसावेत तसे आत्यानं दोन्ही हात मांडीवर पुसले.

"रातू विश्रांती घेताहेत," ती म्हणाली. "त्यांची तब्येत उत्तम आहे."

उलानं 'नाही' दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली. आत्या उठून दाराबाहेर गेली आणि किनाऱ्यावर बसलेल्या बायांना हाका मारून सांगू लागली, की होड्या पाण्यात लोटा, ऑर्डर परत मिळाली.