दुसरी चिठ्ठी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, देवापुढं हात जोडूनही नाही — त्याच्यापुढं तर नाहीच, का ते कळेल तुम्हाला. आज सांगून टाकते.

शुक्रवार पेठेत आमचं घर. थोरली जाऊ गौरम्मा, मी तिला अक्का म्हणते. अक्कलकोटकडची, शाळा सगळी कानडीत. मराठी बोलते झकास, पण वाचता येत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती मला 'तंगी' म्हणायची — कानडीत धाकटी बहीण. शेंगाचटणी कुटावी तर तिनंच. उखळात, तेल सुटेपर्यंत. लोक दारात येऊन म्हणायचे, गौरम्माची चटणी द्या. आणि मी? मी बी.कॉम., पुड्या बांधणारी. गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणार मी, पत्रं लिहिणार मी, आणि नाव हिचं! जळायचे मी. लई जळायचे.

मग तिकडं लांब पुण्याच्या एका मोठ्या दुकानानं सांगितलं, माल घेतो, पण आधी कंपनी करा. प्रायव्हेट लिमिटेड. त्याला डायरेक्टर दोन लागतात — अक्का आणि मी. सह्या झाल्या, फोटो झाले, अडलं ते नावावर. सासरे म्हणाले, गौरम्मा फूड्स. नवरा म्हणाला, विद्या फूड्स — म्हणजे माझं नाव. त्याला ते कुणी पढवलं होतं, वेगळं सांगायला हवं का? दोन दिवस घरात धुसफूस. शेवटी सासऱ्यांनी घरची रीत काढली: देवापुढं चिठ्ठ्या टाका, देव सांगेल ते नाव.

चिठ्ठ्या लिहायला मलाच बसवलं. अक्षर चांगलं ना माझं!

कसं सांगू... दोन कागद होते. पहिल्यावर लिहिलं, विद्या फूड्स. दुसरा पुढं ओढला. पेन टेकवलं. आणि त्याच्यावरही — विद्या फूड्स. हात जराही अडखळला नाही हो! मी स्वतःच थक्क होऊन त्या अक्षरांकडे बघत बसले. ही मी? फाडायला वेळ होता. मी घड्या घातल्या.

सासरे म्हणाले, गौरम्मा, तूच उचल, तुझ्या हाताला यश आहे. अक्कानं डोळे मिटून एक उचलली. सासऱ्यांनी वाचली, चिठ्ठीला विभूतीचं बोट लावून देवापुढं ठेवली. पुढं फ्रेम करून बैठकीत टांगली, आजही तिथंच आहे. अक्का हसली. देवानंच सांगितलं की, म्हणाली, आणि माझ्या तोंडात साखर घातली. ती मी खाल्ली.

लगेच कॉम्प्युटरवर बसले, कुणाचं मन बदलायच्या आत. नावाच्या फॉर्मात दोन नावं देता येतात, पहिलं नाकारलं तर दुसरं. दुसरा रकाना मी रिकामा ठेवला. तेवढंही दिलं नाही तिला. मग देवघरात गेले, तर उरलेली चिठ्ठी तिथं नव्हती. फुलांबरोबर निर्माल्यात गेली असेल, म्हटलं. नाव मंजूर झालं, सर्टिफिकेट आलं, पेढे वाटले. सात वर्षं झाली त्याला.

या मंगळवारी बँकेला अक्काचं पॅनकार्ड हवं होतं. ती चटणी कुटत होती, हात तेलाचे. म्हणाली, कपाटातल्या डब्यात हाय, घे जा. डबा उघडला. पॅनकार्डाखाली घडी घातलेला कागद. उलगडला — विद्या फूड्स. माझं अक्षर.

तिला वाचता येत नाही — पण वाचायला कशाला हवं? फ्रेममधला कागद त्या दिवशी देवापुढंच होता, हा तिच्या हातात. दोन्हींवर सारखंच लिहिलंय, हे कुणालाही दिसतं. एवढी साधी गोष्ट मला शिकलेलीला सुचली नव्हती!

मान वर केली तर अक्का दारात उभी. किती वेळ उभी होती, कोण जाणे. कागदाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "झाकण नीट लाव, विद्या." आणि परत उखळाकडे गेली.

विद्या. तेव्हा कुठं मला त्याचा अर्थ कळला. चिठ्ठ्या टाकल्या त्या दिवसापासून तिनं मला तंगी म्हटलेलंच नाही. एकदाही नाही. आणि मी सात वर्षं समजत होते, की कंपनीला माझं नाव, म्हणून ती मला नावानं हाक मारतेय, मान देतेय.